वांगी का लावत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून

"सर, पोरांकडून नुसती तांबडी भाजी आणि मुळाच का लावून घेता? वांगी, मिरची, टोमॅटो का नाही?" पालकसभेत हा प्रश्न दरवर्षी येतो. शाळेत नवी बाग करणारे शिक्षकही फोन करून हेच विचारतात. एकदा सविस्तरच सांगतो.

पहिलं कारण दिवसांचं. तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, २५ ते ३० दिवसांत उपटायला येते, मुळा ४०-४५ दिवसांत. वांग्याचा तरवाच, म्हणजे कोवळी रोपं, महिनाभर वाफ्यात असतो आणि लावणीनंतर पहिला तोडा मिळायला आणखी दोन महिने जातात. मध्ये चतुर्थीची, दिवाळीची, नाताळची सुट्टी. आठवडाभर पाणी चुकलं की फुलं गळतात. सुट्टीतलं पाणी शिपायावर टाकणं मला पटत नाही.

आणि तांबड्या भाजीला सोपी समजू नका. वाफा ९० सेंटिमीटरच रुंद हवा, म्हणजे पाचवीतल्या मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचतो आणि कोणी वाफ्यात पाय ठेवत नाही. आपली गोव्यातली जांभ्याची माती आंबट; चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम चुना पंधरा दिवस आधी मिसळायचा, शेणखत त्यानंतर. दोन्ही एकदम घातलं तर खतातलं नत्र वास होऊन उडून जातं. तीन चौरस मीटरला चहाचा अर्धा चमचा बी पुरे, तेही चौपट-पाचपट कोरड्या वाळूत मिसळून, नाहीतर मुलांच्या मुठीतून ते एकाच जागी पडतं. वर मातीचा अगदी पातळ थर आणि कडेने राख, कारण मुंग्या एका रात्रीत बी उचलून नेतात. पाणी सकाळी द्यावं. संध्याकाळी पानांवर झारी धरली की पानाखाली पांढरे फोड येतात. उपटण्याच्या तासभर आधी वाफा भिजवायचा आणि देठाला बुडाशी धरून सरळ वर ओढायचं. मधे धरलं की देठ तुटतो, मूळ आत राहतं. माध्यान्ह आहार बचतगटाकडून तयार होऊन येतो, त्यामुळे जुड्या मुलांबरोबर घरी जातात.

खरं कारण मात्र दुसरं आहे. ते मी सभेत टाळत आलो.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या शाळेत उतारावरच्या वाफ्यात आठवीच्या मुलांनी चतुर्थीनंतर वांग्याची चाळीस रोपं लावली. दोन ओळींत ६० सेंटिमीटर, दोन रोपांतही तेवढंच. ऑक्टोबरअखेर रोपं गुडघ्याएवढी झाली, कळ्या धरल्या. एका दुपारी तिसऱ्या ओळीतलं एक रोप मान टाकून उभं होतं. पानं हिरवीगार, पिवळेपणा नाही, कीड नाही. संध्याकाळी ते सावरलं. मुलं म्हणाली, पाणी कमी पडलं. मीही तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याला दोन कळशा जास्त घातल्या. पाणी आळ्यातून भरून खालच्या ओळीत उतरलं. चौथ्या दिवशी सात रोपं, सगळी उताराच्या बाजूला. पंधरा दिवसांत एकतीस गेली.

शेवटी एक रोप कापलं. जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा काचेच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात, दोऱ्याने टांगला. मुलं भोवती उभी. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा बारीक पांढरा धागा खाली उतरू लागला, मग दुसरा. थोड्या वेळाने पेल्याचं पाणी गढूळ. जिवाणूंनी होणारी मर ती हीच. राल्स्टोनिया नावाचा हा जिवाणू मुळांच्या जखमेतून आत शिरतो, पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवतो. म्हणून रोप ओल्या मातीत तहानेने मरतं. आम्ही घातलेल्या पाण्यानेच तो ओळीओळीने खाली गेला, आणि त्याच खुरप्यानेही. एका मुलीने विचारलं, "म्हणजे आम्हीच मारली?" मी "नाही" म्हटलं. खरं उत्तर वेगळं होतं: पहिलंच रोप मातीसकट उपटून जाळायला हवं होतं, आणि ते सांगणं माझं काम होतं. त्या वाफ्यात आदल्या वर्षी मिरची होती. मिरची, वांगी, टोमॅटो एकाच कुळातली. तिथे वांगी लावायचीच नव्हती. मी म्हणालो होतो, जागा दुसरी नाही.

फवारून बरा होणारा हा रोग नाही. माती वर्षानुवर्षं बाधित राहते, कामोणीसारख्या तणावरही तो तग धरतो. तीन वर्षं त्या वाफ्यात अळसाणे (चवळी), मका, भेंडी घ्यायची, पाणी साचू द्यायचं नाही, अवजारं धुवायची. एवढंच हातात असतं.

पूर्वी मीच म्हणायचो, पालेभाजी उपटली की संपली. फूल, फळ, पहिला तोडा, दुसरा तोडा हे मुलांनी बघायलाच हवं. ते म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. म्हणून पावसात भेंडी, दोडकी घेतो. जूनच्या सुरुवातीला पेरलेली काकडी माटोळीला, म्हणजे चतुर्थीत गणपतीवर फळंभाज्या टांगतात त्या मांडवीला, लागते. पण वांग्याची भूक त्याने भागत नाही, हे मुलांच्या तोंडावर दिसतं. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने मरीला टिकणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्या आहेत, जंगली वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपंही मिळतात. मग वाफ्यात का नाही लावत, असं विचाराल. टिकणारी म्हणजे न मरणारी नव्हे, आणि त्या मातीवर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

यंदा वांग्यासाठी सहा पिशव्या भरल्या आहेत, आवाराबाहेरच्या मातीने, चिऱ्यांवर ठेवून, म्हणजे वाफ्यातलं पाणी त्यांना शिवणार नाही. खुरपंही वेगळं, दांड्याला लाल फडकं बांधलेलं. रोज सकाळी दोन मुलं पानं बघतात. त्यांना एकच सांगितलंय: दुपारी पान झुकलेलं दिसलं तर पाणी घालायचं नाही, आधी मला बोलवायचं.