आपत्कालीन पेटी आणि आईची औषधे : माझा अनुभव

पूर, वादळ किंवा भूकंप यांपैकी काहीही ओढवले तरी हाताशी असावी म्हणून घरात एक आपत्कालीन पेटी तयार करायची असे ठरवले, तेव्हा एका रविवारी सगळे आटोपेल अशी माझी समजूत होती. टॉर्च, रेडिओ, शिट्टी, मलमपट्टीचे साहित्य, कोरडे खाणे आणि कपड्यांचा एकेक जोड त्या रविवारी खरोखरच जमला. आईच्या औषधांसाठी मात्र पुढचे पाच आठवडे गेले, आणि त्याचा राग अजूनही माझ्या मनातून पुरता गेलेला नाही.

आईला रक्तदाबाची गोळी आणि इन्सुलिन रोज लागते. रस्ते बंद झाले तर निदान आठवड्याची, जमल्यास दोन आठवड्यांची औषधे घरात जास्तीची असावीत, एवढेच माझे म्हणणे होते. औषधाच्या दुकानात सांगितले की चिठ्ठीवर लिहिलेल्यापेक्षा एकही गोळी जास्त मिळणार नाही. दवाखान्यात गेले, तर स्वागतकक्षातल्या बाईंनी कागदावरून नजरही न उचलता विचारले, “औषधे शिल्लक आहेत ना तुमच्याकडे? मग संपत आली की या.” औषधे संपत आल्यावर संकट आले तर काय करायचे, हाच तर माझा प्रश्न होता, पण तो ऐकून घ्यायला तिथे कोणाला सवड नव्हती. दुसऱ्या खेपेला दोन तास बसल्यावर डॉक्टरांनी जुन्याच चिठ्ठीखाली “पुढे चालू” असे लिहून दिले. त्यावर किती दिवसांसाठी ते लिहिलेले नसल्यामुळे दुकानदाराने ती परत केली, आणि नियमाप्रमाणे त्याचे काही चुकलेही नव्हते. मला चीड आली ती याची, की एक ओळ नीट लिहिली असती तर आईचा आणि माझा तो दिवस वाया गेला नसता.

तिसऱ्या वेळी मी घरूनच कागद तयार करून नेला. त्यावर प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, जास्तीचे किती दिवस आणि ते कशासाठी हवे, हे सगळे स्वच्छ अक्षरात लिहिले होते. डॉक्टरांनी तो वाचून पाच मिनिटांत नवी चिठ्ठी दिली. औषधे घेऊन बाहेर पडताना मला रडू येईल असे वाटले. म्हणून सांगते, पेटीची सुरुवात टॉर्चपासून करू नका, औषधांपासून करा. आणि त्या कागदाची एक प्रत पेटीतही ठेवा, म्हणजे अनोळखी डॉक्टरांनाही ती उपयोगी पडेल.

न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्येच राहते, त्यामुळे पेटीच्या झाकणावर आतून “फ्रिजमधून इन्सुलिन घे” अशी चिठ्ठी चिकटवली आहे. ते थंड पिशवीत नेताना बर्फाला थेट टेकू देऊ नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरता येत नाही. सुया, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि साखर एकदम उतरली तर द्यायला ग्लुकोज हेही सोबत हवे. पट्ट्या मी पहिल्यांदा विसरलेच होते.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर धरतात. आम्ही चौघे, म्हणजे तीन दिवसांचे ४८ लिटर, आणि तेवढेच किलो वजन. हे उचलून पळता येत नाही, म्हणून मोठा साठा घरात आणि पिशवीत प्रत्येकाची एकेक बाटली, अशी विभागणी केली. पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळून मग खळखळून उकळावे. उकळी आल्यावर एक मिनिट पुरते, उंच डोंगराळ भागात तीन मिनिटे.

टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवावेत, नाहीतर ते आतल्या आत गळून टॉर्चच निकामी करतात. मेणबत्त्या मी ठेवल्या नाहीत, कारण भूकंपानंतर गॅस गळत असेल तर एक ज्योतही घातक ठरते. ओळखपत्रांच्या प्रती, घराचे कागद आणि सुट्टे पैसे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आहेत. वीज नसताना कार्ड चालत नाही.

आता दर महिन्याला आईची नवी औषधे आली की ती पेटीत जातात आणि पेटीतली जुनी वापरायला बाहेर येतात. फ्रिजमधल्या इन्सुलिनचेही तसेच करतो, आणि मुदतीच्या तारखा आई स्वतः चष्मा लावून तपासते.