त्सुमक्वेच्या वाटेवर: शिकारीच्या पैशावर टिकलेलं रान

नामिबियाची राजधानी विंडहुकहून उत्तरेला निघालं की ओटजिवारोंगो लागतं. 17 सप्टेंबर 2022 ला कुनोत सोडलेले आठ चित्ते नामिबियाच्या याच भागातून आपल्याकडे आले. पुढे ग्रूटफॉन्टेन, आणि मग डांबरी रस्ता सोडून पूर्वेकडे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास नुसती खडी. नामिबियात येणारे बहुतेक जण इटोशाचं राष्ट्रीय उद्यान बघून परततात, इकडे वळत नाहीत. मला मात्र त्सुमक्वेलाच जायचं होतं. मी जुन्नरची. आमच्याकडे उसात बिबट्याची पिल्लं सापडतात, आणि जनावराशेजारी राहायचा खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून वाचावा लागत नाही.

त्सुमक्वे हे न्याए न्याए कॉन्झर्व्हन्सीचं मुख्य गाव. कॉन्झर्व्हन्सी म्हणजे आपल्या भागातलं रान आणि जनावरं सांभाळणारी गावकऱ्यांची नोंदणीकृत संस्था. 1998 मध्ये नोंदलेली ही कॉन्झर्व्हन्सी देशातली पहिली. पसारा सुमारे 9,000 चौरस किलोमीटर. इथल्या मूळच्या सान लोकांपैकी जुहोआन्सींची छोटी छोटी गावं, आणि त्यांच्याच रानात हत्ती, बिबटे, रानकुत्रे. धनुष्यबाणाने स्वतःपुरती शिकार करायचा हक्क या लोकांकडे आजही आहे. बाणाला एका भुंगेऱ्याच्या अळीचं विष लावतात.

दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीत रानातल्या जनावरांवर उत्पन्न मिळवायचा हक्क गोऱ्या जमीनमालकांना होता. सामाईक जमिनीवरच्या काळ्या माणसाने हरीण मारलं तर तो चोर. अशा माणसाला हत्ती वाचवावासा का वाटेल? वायव्येकडच्या कुनेनेत गार्थ ओवेन-स्मिथ यांनी 1980 च्या दशकात गावच्या मुखियांना बरोबर घेऊन गावातलेच राखणदार नेमायला सुरुवात केली. पुढे मार्गारेट जेकबसन यांच्यासह त्यांना 1993 चं गोल्डमन पारितोषिक मिळालं. 1990 ला देश स्वतंत्र झाला, आणि 1996 च्या कायद्याने गोऱ्यांचा तो हक्क गावकऱ्यांच्या संस्थांनाही मिळाला. आज अशा ऐंशीहून जास्त कॉन्झर्व्हन्सी आहेत आणि देशाची जवळपास 20 टक्के जमीन त्यांच्याखाली आहे.

कॉन्झर्व्हन्सीच्या कार्यालयात एका गेम गार्डने, म्हणजे रानाच्या राखणदाराने, त्याची नोंदवही उघडून दाखवली. कुठे कोणते ठसे दिसले, कुठे फास सापडला, कोणत्या गावात हत्तींनी पाण्याचा पंप उखडला, सगळं महिन्यावार. वर्षातून एकदा पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर बसून मोजणी होते. अशा आकड्यांवरून सरकारचं पर्यावरण खातं शिकारीचा कोटा ठरवतं. मग कॉन्झर्व्हन्सी एका सफारी व्यावसायिकाशी करार करते, तो परदेशी शिकारी आणतो. एका हत्तीसाठी शिकारी हजारो डॉलर मोजतो. करारातलं पूर्ण उत्पन्न कॉन्झर्व्हन्सीकडे राहतं. त्यातून गार्डांचे पगार निघतात, पंपांभोवती दगडी भिंती उभ्या राहतात, सभासदांना वर्षाला रोख रक्कम वाटली जाते. मांस गावांत जातं. याशिवाय इथली मिळकत हस्तकला आणि डेव्हिल्स क्लॉ या औषधी मुळाची.

हौसेखातर हत्ती मारणारा माणूस मला समजत नाही, आणि समजून घ्यावासाही वाटत नाही. मारलेल्या हत्तीचा फोटो एका भिंतीवर होता, त्यापुढे मी फार वेळ थांबू शकले नाही. पण त्या फोटोचा राग गार्डच्या पगारावर काढायचा मला काय हक्क? 1990 च्या दशकाच्या मध्याला नामिबियात सुमारे 7,000 हत्ती होते, आता 20,000 च्या वर आहेत. कॅमेरावाल्या पर्यटकाला चांगला रस्ता, गरम पाणी आणि हमखास दिसणारं जनावर लागतं. दाट झुडपाच्या या दूरच्या रानात त्यातलं थोडंच आहे. शिकारी तंबूत राहतो आणि एकटा शंभर जणांइतके पैसे ठेवून जातो. 2020 मध्ये विमानं थांबली तेव्हा दोन्ही प्रकारचं उत्पन्न आटलं. तेव्हा राखणीचे पगार कुठून द्यायचे हा प्रश्न देशभरातल्या कॉन्झर्व्हन्सींपुढे उभा राहिला.

व्यवस्था निर्दोष नाही. मोजणी चुकली किंवा दुष्काळात कोटा कमी केला नाही तर नुकसान जनावरांचंच. समितीतल्या मोजक्यांच्या हाती पैसा अडकायचा धोकाही आहेच. म्हणून करार आणि जमाखर्च सभेत वाचला जातो का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गार्डने मला विचारलं, तुमच्याकडे बिबट्याने शेळी नेली तर? म्हटलं, पंचनामा होतो, सरकार भरपाई देतं. त्यावर तो म्हणाला, म्हणजे मेलेल्या शेळीचे पैसे मिळतात. बिबट्या जिवंत ठेवल्याचे? मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. पण त्याचा प्रश्न शिकारीचा नव्हता.

जाणार असाल तर ग्रूटफॉन्टेनला टाकी भरून घ्या आणि दुसरं स्टेपनी टायर बरोबर ठेवा. तंबूचे पैसे थेट कॉन्झर्व्हन्सीला द्या, रानात जुहोआन्सी वाटाड्या घेऊनच चाला. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी विंडहुकच्या दुकानांत मिळतात, पण ते इथे बनवणाऱ्या बायकांकडूनच घ्या, आणि घासाघीस करू नका.