चोकवर चालतं, चोक काढला की मरतं

"मोवर (गवत कापायचं मशीन) चालू होत नाहीये" असं कोणी म्हणलं की मी आधी विचारतो, म्हणजे नेमकं काय होतंय? दोरी ओढली तरी अजिबात दाद देत नाही, की एकदा भुर्र करून बंद पडतं, की चांगलं चालतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी मरतं? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि लोक तिन्हीला एकच औषध करतात, प्लग बदलतात, नाहीतर खांदा भरून येईपर्यंत दोरी ओढत बसतात.

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतलं मशीन फोर स्ट्रोक, साधं पेट्रोलवरचं. उन्हाळाभर पंपरूमशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं होतं. पाऊस लागला, गवत माजलं, माळीकाकांनी मशीन बाहेर काढलं आणि मला हाक मारली, "भाऊ, चोकवर चालतंय, चोक काढला की लगेच मरतंय." काकांच्या त्या एका वाक्यात अर्धं निदान होऊन गेलं बघा. चोक लावला की हवा कमी जाते आणि त्या मानाने पेट्रोल जास्त, मग फक्त चोकवरच चालत असेल तर पेट्रोल येतंय पण पुरेसं येत नाहीये, एक तर जेटमध्ये (कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा, त्यातून पेट्रोल येतं) कचरा आहे नाहीतर कार्बोरेटरच्या जोडावरच्या पॅकिंगमधून जास्तीची हवा ओढली जातेय. प्लगला करंट आहे, म्हणजे ठिणगी पडतेय, नाहीतर चोकवर पण चाललं नसतं, म्हणजे प्लगच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एका दुरुस्तीवाल्याने तर मशीन न बघताच फोनवर सांगितलं, कार्बोरेटर नवीन टाका. मला हे अजिबात पटत नाही, ज्यात बिघाड असेल ते आधी उघडून तर बघा!

काही उघडायच्या आधी प्लगची कॅप काढून बाजूला करायची, हे कधीच विसरू नका, खाली पातं आहे आणि पातं हाताने फिरलं तरी इंजिन फिरतं. मग पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा बोल्ट सोडला आणि वाटीतलं सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घेतलं. बरणी उजेडात धरली तर दोन थर स्पष्ट दिसत होते, वर पिवळट पेट्रोल आणि तळाला वेगळंच काहीतरी, बरणी तिरकी केली की ते आधी सरकायचं. वास पण पेट्रोलचा नाही, जुन्या वार्निशसारखा. वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी. जेट काढून आभाळाकडे धरला तर आरपार काही दिसेना, खरं तर तिथे एक गोल स्वच्छ ठिपका दिसायला हवा.

तळाचं ते काय होतं तर पाणी आणि इथेनॉल. आपल्याकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल २०२३ पासून आधी काही पंपांवर आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे आलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, तो फार झाला की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे खाली बसतात, आणि कार्बोरेटर नेमका खालूनच ओढतो. रोजच्या गाडीत पेट्रोल सतत बदलत राहतं म्हणून तिथे एवढं जाणवत नाही, मोवरमध्ये ते महिनोन्महिने तसंच पडून राहतं. बऱ्याच लहान इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, पण पंपावर दुसरं मिळणार कुठून, मग काळजी आपणच घ्यायची.

जेट साफ करायला वायरमधली तांब्याची एक बारीक तार घेतली. सुई किंवा स्टीलची तार घालू नका प्लीज, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मशीन काळा धूर सोडायला लागेल आणि मग खरंच जेट बदलावा लागेल. वरून कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारला, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण तो फवारा दुसऱ्याच भोकातून उलटा तोंडावर येतो. ताजं पेट्रोल टाकलं, चोक लावून दोरी ओढली, हळूहळू चोक काढला आणि मशीन एका लयीत चालत राहिलं. काका लगेच लॉनकडे घेऊन गेले पण.

आता बाकीची दुखणी. चालून चालून मरत असेल तर टाकीचं झाकण जरा सैल करून बघा, तेवढ्याने परत नीट चाललं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. गरम झाल्यावरच चालू होत नसेल तर त्याच क्षणी करंट तपासा, थंड झाल्यावर नाही, प्लगला करंट देणारी कॉइल गरम असतानाच दगा देते. आणि दोरी ओढताना हाताला उलटा झटका बसत असेल तर पातं सैल आहे का बघा, किंवा दगडावर आपटलं असेल तर फ्लायव्हीलची चावी (इंजिनचं जड चाक जागेवर धरणारी छोटी पट्टी) कापली गेली असेल, आपल्याकडे पहिल्या पावसात माती वाहून गेली की काळा दगड लगेच वर येतो. पात्याखाली बघताना मशीन आडवं करायचं ते एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवूनच, नाहीतर इंजिनातलं ऑइल त्या एअर फिल्टरमध्ये उतरतं.

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत टू स्ट्रोक ब्रश कटर वापरतात, त्यांच्या कार्बोरेटरला वाटी नसते, आत रबराचा पडदा असतो आणि तो कडक होतो, तिथे पडद्याचं किट टाकावं लागतं.

दिवाळीनंतर गवत मंदावलं की काय करायचं ते काकांशी ठरलंय. टाकी रिकामी करायची, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग वाटीचा बोल्ट सोडून उरलंसुरलं पण काढायचं. आणि यापुढे पेट्रोल एका वेळी लिटरभरच आणायचं, पाच लिटरचा कॅन भरून शेडमध्ये ठेवायचा नाही.