वीसपैकी अकरा

"मॅडम, मी प्रत्येक पान वाचून तपासलं आणि मलाच वीसपैकी अकरा? ज्यांनी न उघडता दहा-दहा दिले, त्यांना अठरा?"

शुक्रवारी दुपारी वर्गाबाहेर एका मुलीनं मला हे विचारलं. मुलांनी एकमेकांचे अहवाल तपासले होते, आणि त्या तपासण्यालाही वीस गुण होते. अंतर्गत गुण सोमवारी परीक्षा विभागात द्यायचे होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दोन दिवसांत जे समजलं ते लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणाचा रविवार तरी वाचेल.

एसवायबीए भूगोलाचा माझा वर्ग 58 जणांचा. आठवडी बाजाराचं सर्वेक्षण करून प्रत्येकानं अहवाल द्यायचा होता. मी एकटीनं तपासले की तिसाव्या अहवालापासून शेरा एकच पडतो, 'ठीक'. म्हणून या वेळी ठरवलं की मुलांनीच एकमेकांचे वाचायचे. कॉलेजात मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली) आहेच, आणि त्यात यासाठी 'वर्कशॉप' नावाची सोय आहे. ('असाइनमेंट' वेगळी, ती घेऊन बसू नका. माझी एक संध्याकाळ तिच्यातच गेली.) माझ्या कपाटात फार जुन्या प्रशिक्षणाच्या नोट्स होत्या, त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. मूडलच्या 2010 च्या 2.0 आवृत्तीत हा भाग मुळापासून नव्यानं लिहिलेला आहे.

मांडणी सोपी गेली. पाच टप्पे असतात: सेटअप, सबमिशन, असेसमेंट, ग्रेडिंग इव्हॅल्युएशन आणि क्लोज्ड. मी दहा-दहा गुणांचे चार निकष लिहिले: नकाशा, तक्ते-आलेख, निरीक्षणं, भाषा. अहवालाला 80 आणि तपासण्याला 20 गुण तिथे आधीच भरलेले होते, ते तसेच ठेवले. रँडम अलोकेशननं, म्हणजे मूडलनंच चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटप करून, प्रत्येक अहवाल तिघांकडे गेला, म्हणजे एकूण 174 तपासण्या. आठ दिवसांत जवळजवळ सगळ्या झाल्या. मी खूश होऊन गुरुवारी रात्री क्लोज्ड केलं आणि मुलांना गुण दिसले.

घोळ त्या वीस गुणांत होता. कुणी किती चांगलं तपासलं हे मूडलला कसं कळणार? ते काही अहवाल वाचत नाही. एका अहवालाला आलेल्या तिन्ही तपासण्यांची ते सरासरी काढतं, सरासरीच्या सर्वांत जवळच्याला पूर्ण गुण देतं आणि जो जितका लांब त्याचे तितके कापतं. पद्धतीचं नावच 'कंपॅरिझन विथ द बेस्ट असेसमेंट'. इथे बेस्ट म्हणजे सरासरीजवळचा, हे वाचायची तसदी मी घेतली नव्हती.

आता त्या मुलीकडे आलेला एक अहवाल बघा. अहवाल लिहिणाऱ्याच्या दोन मित्रांनी 40 पैकी 40 आणि 39 दिले होते. हिनं 6, 5, 8, 4 असे 23. खाली लिहिलं होतं, "तक्त्यात 40 विक्रेते, आलेखात 46. नकाशाला प्रमाण नाही. भाजीवाल्यांची रांग बसस्टँडच्या बाजूला आहे, नकाशात नदीकडे." मी अहवाल काढून पाहिला, तिचं अक्षर न् अक्षर खरं. पण तिघांची सरासरी 34. मित्र सरासरीपासून पाच-सहा गुणांवर, ही अकरा गुणांवर. म्हणून मित्र हुशार ठरले.

गुण किती कडक कापायचे याची एक सेटिंग असते, आधी मी तिथे 'स्ट्रिक्ट'चं 'लॅक्स' करून पाहिलं. त्यानं फक्त कापाकापी सौम्य होते, मित्र पुढेच राहतात. मग घाईत टप्पा मागे, असेसमेंटवर नेला, तर मुलांना पुन्हा गुण बदलायची वाट मोकळी. तपासणीची अंतिम तारीख मी टाकलीच नव्हती. अर्ध्या तासात दोघांनी बदललेसुद्धा! गरजच नव्हती. ग्रेडिंग इव्हॅल्युएशनमध्येही शिक्षकाला स्वतः तपासता येतं.

उपाय तिथेच होता. शिक्षकाच्या तपासणीला 'वेट' देता येतं, म्हणजे ती सरासरीत किती वेळा मोजायची ते, 16 पर्यंत. मी तो अहवाल 24 गुणांना तपासला आणि वेट 4 ठेवलं. सरासरी 34 वरून 28 वर आली. आता मुलगी पाचावर, मित्र अकरा-बारावर. मात्र हे लक्षात घ्या, त्यानं अहवालाचे गुणही हलतात. ज्याचा अहवाल होता त्याचे 80 पैकी 68 होते, ते साडेछप्पन्नच्या आसपास आले. तो मुलगा अजून माझ्याशी धड बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, आलेख चुकलाच होता.

ज्या अहवालांत तिघांचे गुण फार फाकले होते असे नऊ निघाले. त्या मुलीकडचे तिन्ही त्यातच. शनिवार-रविवार तेच केलं. प्रत्येक वेळी 'री-कॅल्क्युलेट ग्रेड्स' दाबावं लागतं. पहिल्या दोन वेळा मी विसरले आणि काहीच का हलत नाही म्हणून लॅपटॉपवर राग काढला.

मध्येच आठवलं म्हणून, नावं. आमच्याकडे तपासणाऱ्याला लेखकाचं नाव दिसत होतं, मग मैत्री निभावली जाणारच. त्या वर्कशॉपच्या परमिशन्समध्ये जाऊन 'व्ह्यू ऑथर नेम्स'मधून स्टुडंट काढून टाका, आणि हे मुलांनी अहवाल टाकायच्या आधी. मुलांनाही सांगा की फाइलच्या नावात आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव नको. नाहीतर परमिशन काढून उपयोग शून्य.

फोननं काढलेल्या फोटोंच्या पीडीएफ वीस-वीस एमबीच्या होतात, आमच्या साइटची मर्यादा त्याहून कमी होती. शेवटच्या रात्री अकरा वाजता सतरा फोन आले. मर्यादा पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा.

आणि पुढच्या वेळी मी आधी नमुना अहवाल देणार, 'एक्झाम्पल सबमिशन' अशी सोय आहे. आपण तो तपासून ठेवायचा, मुलांनी तपासला की आपल्या तपासणीशी ताडून पाहता येतं. सहा गुणांचा नकाशा कसा दिसतो हे त्यांना आधी दाखवलं नाही, ही चूक माझीच.

रविवारी रात्री साडेदहाला पुन्हा क्लोज्ड केलं. अकराचे सतरा झाले, तिची बेरीज 75 ची 81 झाली. सोमवारी परीक्षा विभागात गेले तर त्यांच्या छापील तक्त्यात रकाना एकच, वीसपैकी. पाचानं भागून, अपूर्णांक उडवून भरा म्हणाले. 15 चे 16 झाले.