“मघाशी नीट बोलला की, आता मुद्दाम करतोय”

मूल उशिरा बोलायला लागलं की घरात एक वाक्य ठरलेलं असतं, “अगं याचे बाबा पण उशिराच बोलले होते, बोलेल हळूहळू.” खूपदा तसं होतंही. पण काही मुलांचं तसं नसतं, त्यांना सगळं समजतं, काय म्हणायचंय ते मनात तयार असतं, फक्त ते म्हणायला ओठ, जीभ, जबडा, टाळू, श्वास या सगळ्यांची जी हालचाल लागते ती जुळून येत नाही. याला मोटर स्पीच डिसऑर्डर म्हणतात. मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि ही मुलं आमच्याकडे पोचतात तोवर बऱ्याचदा “आळशी”, “हट्टी” असे शिक्के बसलेले असतात, ते बघून खरंच जीव तुटतो म्हणून लिहितेय.

यात मुख्य प्रकार दोन. एक डिसआर्थ्रिया, म्हणजे स्नायूच कमजोर किंवा ताठ असतात किंवा ताब्यात नसतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या बऱ्याच मुलांत हे दिसतं. बोलणं संथ, जड, कधी नाकातून, वाक्य संपेपर्यंत श्वास पुरत नाही आणि शेवटचे शब्द बुडतात. चावायला गिळायला त्रास, लाळ गळणं हेही सोबत असू शकतं.

दुसरा अ‍ॅप्रॅक्सिया, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत. इथे स्नायूंत ताकद असते, पण कुठली हालचाल कधी आणि कशानंतर करायची हे मेंदूत नीट आखलं जात नाही. एका चार वर्षांच्या मुलाला मी टोपी दाखवून “टोपी म्हण” म्हटलं. आधी “पोपी” आलं, मग “तोई”, मग “टापी”, आणि मग काहीच नाही, तोंड उघडं, जीभ आत जागा शोधतेय, आवाज नाही. थोड्या वेळाने टोपी टेबलावरून खाली पडली आणि पठ्ठ्या पटकन “टोपी!” म्हणाला, एकदम स्वच्छ. आई लगेच म्हणाली बघा, येतं त्याला, मुद्दाम करतो. तर नाही हो, मुद्दाम नाही करत. आपसूक निघालेला शब्द बरा येतो आणि ठरवून म्हणायला गेलं की अडकतो, हे या त्रासात बऱ्याचदा दिसतं.

अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २००७ साली अ‍ॅप्रॅक्सियाची तीन लक्षणं मांडली, ती आजही आम्ही वापरतो. तोच शब्द परत परत म्हणताना चुका बदलत राहतात, आणि नुसत्या व्यंजनांत नाही तर स्वरांतही. एका आवाजातून दुसऱ्या आवाजात जाताना अडखळतं, ताणलं जातं. आणि बोलण्याची लय विचित्र असते, शब्द तुटक, नको तिथे जोर. आता जे मूल कायम “र” ला “ल” म्हणतं, रोज, प्रत्येक शब्दात, त्याची गोष्ट बहुतेक वेगळी असते. म्हणून चूक कुठली यापेक्षा ती दर वेळी तीच आहे का, हे बघा. तीन वर्षांच्या आत पक्कं निदान करणं अवघड असतं कारण मुलाकडे तेवढे शब्दच नसतात, पण म्हणून थेरपी थांबवायची गरज नाही. ऐकण्याची तपासणी मात्र सगळ्यात आधी, अगदी “ऐकतो हो सगळं” अशी खात्री असली तरी.

आता उपचार. फुगे फुगव, शिट्टी वाजव, जीभ वर-खाली कर, हे जिकडे तिकडे सांगतात आणि आईवडील बिचारे महिनोन् महिने करत बसतात. याने बोलणं सुधारतं असा भक्कम पुरावा नाही. सायकल जशी चालवूनच येते तसं बोलणं बोलूनच येतं. अ‍ॅप्रॅक्सियासाठी एडिथ स्ट्रँड या अमेरिकन स्पीच थेरपिस्टची डीटीटीसी (डायनॅमिक टेम्पोरल अँड टॅक्टाइल क्यूइंग) नावाची पद्धत आहे, त्यात मूल थेरपिस्टच्या तोंडाकडे बघत तिच्यासोबत एकाच वेळी, हळू, ताणून शब्द म्हणतं, मग ती आवाज काढून घेते आणि नुसते ओठ हलवते, मग ती आधी आणि मूल नंतर, मग मध्ये थोडं थांबून. शब्द थोडेच घ्यायचे पण मुलाला दिवसभर लागणारे, “दे”, “नको”, “आई”, आणि ते एका सेशनमध्ये खूप वेळा म्हणून घ्यायचे. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा छोटी सेशन्स जास्त वेळा झालेली बरी.

डिसआर्थ्रियात भर वेगळा, बसण्याची स्थिती, श्वास, सावकाश बोलणं, आवाज टिकवणं. आणि ज्यांचं बोलणं अजून कोणाला कळत नाही त्यांना चित्रांचा बोर्ड किंवा बोलणारं अ‍ॅप बिनधास्त द्या, त्याने बोलणं मागे पडत नाही, उलट मुलाची चिडचिड कमी होते.

घरी “नीट बोल!” असं सारखं टोकू नका. थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना मोबाईलवर मुलाचं बोलणं रेकॉर्ड करून न्या, खेळताना आपणहून बोललेलं आणि तुम्ही म्हणायला लावलेलं, दोन्ही, आणि जमलं तर एकच शब्द चार-पाच वेळा म्हटलेला. नव्या खोलीत मूल गप्प बसलं तरी आम्हाला त्यातून बरंच कळतं.