जानेवारीतलं पॅरिस: ओत कुत्यूरच्या आठवड्यात मला भावलेलं

म्वारे नावाचं रेशीम फोटोत कधीच नीट येत नाही. अंगभर बारीक उठावदार रेघा असलेलं हे कापड ओलसर करून, दुमडून, गरम रुळांच्या दाबाखालून काढतात. काही रेघा चपट्या होतात, काही तशाच राहतात, आणि त्यावर उजेड पडला की पाण्यावर तरंग उठल्याचा भास होतो. अंग हललं की तरंगही सरकतात. कॅमेऱ्याला त्यातला एकच क्षण मिळतो.

जानेवारी 2024 मध्ये ओत कुत्यूरच्या, म्हणजे एकेका ग्राहकाच्या मापाने शिवलेल्या उंची कपड्यांच्या शोंच्या आठवड्यासाठी पॅरिसला गेले, तेव्हा दिऑर या फॅशन घराण्याच्या कलेक्शनचा सगळा भर या म्वारेवर होता. क्रिस्तियाँ दिऑर यांनी 1952 मध्ये ‘ला सिगाल’ नावाचा एक पोशाख केला होता. म्वारेला स्वतःचा ताठपणा असतो. कंबरेखाली घेर उभा राहतो, गळून पडत नाही. घराण्याच्या तेव्हाच्या मुख्य डिझायनर मारिया ग्राझिया क्युरी यांनी तो पोशाख समोर ठेवून नवं काम मांडलं होतं. भरतकामाच्या व्यवसायातल्या एका ओळखीमुळे मला पार मागच्या रांगेच्याही मागे उभं राहायला जागा मिळाली. तिथून मॉडेलचे पाय दिसत नव्हते, पण कापडाचा आवाज ऐकू येत होता. जाड रेशीम चालताना कुरकुरतं. इतकी वर्षं हे शो मी पडद्यावर पाहत आले होते, तिथे कायम वरून संगीत असतं. हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला आणि पुढचे सगळे दिवस तोच शोधत राहिले.

शोचा मंडप शिल्पकार रोदँ यांच्या संग्रहालयाच्या बागेत होता. आतल्या भिंतींवर इटालियन चित्रकार इझाबेला दुक्रो यांची ‘बिग ऑरा’ ही रचना होती. सुमारे पाच-पाच मीटर उंचीचे 23 झगे, तेही ऑटोमन सुलतानांच्या वस्त्रांवरून सुचलेले. ते प्रत्यक्षात घडवले मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेच्या कारागिरांनी. दिऑरने त्यांचं नाव जाहीरपणे घेतलं याचा मला मनापासून आनंद झाला. युरोपातल्या मोठ्या घराण्यांचं भरतकाम भारतात होतं ही गोष्ट जुनीच आहे; ते कुणी केलं हे सांगण्याची पद्धत मात्र अलीकडची. शोनंतर काही दिवस हा मंडप सर्वांसाठी खुला ठेवतात. मी पुन्हा गेले आणि या खेपेला भिंतीजवळ जाऊन टाके पाहिले. लांबून सपाट रंग वाटत होता, तिथे जवळून जोडकामाच्या कडा आणि टाक्यांची दिशा दिसत होती. मॉडेल नव्हत्या, पाहुणे नव्हते, आणि मला वाटतं त्या जागेचं खरं काम तेव्हाच कळत होतं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण फॅशन वीक म्हटलं की सगळे शो एकसारखे समजले जातात. तयार कपड्यांचे शो वेगळे आणि हे वेगळे. फ्रान्समध्ये ‘ओत कुत्यूर’ हे बिरुद 1945 पासून कायद्याने राखलेलं आहे. ते मिरवायचं तर पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा लागते, तिथे किमान 15 जण कामाला असावे लागतात, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, कलेक्शन मांडावं लागतं, आणि कपडे एकेका ग्राहकाच्या मापाने शिवून द्यावे लागतात. कार्यशाळांचेही दोन भाग असतात. एकात तलम, झुळझुळीत कापडं हाताळणारे, दुसऱ्यात कोट-जॅकेटसारखं बांधीव शिवणारे. काही परदेशी डिझायनर या वेळापत्रकात पाहुणे म्हणून येतात.

अशा पाहुण्यांपैकी राहुल मिश्रा. जानेवारी 2020 मध्ये या आठवड्यात शो करणारे ते पहिले भारतीय डिझायनर. या खेपेच्या त्यांच्या कलेक्शनचं नाव होतं ‘सुपरहीरोज’, आणि नायक होते कीटक, फुलपाखरं, सरपटणारे जीव. आपण ज्यांच्याकडे लक्ष देत नाही पण ज्यांच्यावाचून झाडं फळणार नाहीत असे. इथेही मी उभीच होते, पण कडेला, त्यामुळे पोशाख हाताच्या अंतरावरून जात होते. मिश्रांचं भरतकाम कापडावर बसत नाही, कापडापासून उठतं. पंखांच्या कडा मोकळ्या सोडलेल्या असतात. मॉडेल चालू लागली की प्रत्येक पंख वेगवेगळ्या वेळी थरथरतो, कारण प्रत्येकाचा टाका वेगळ्या ठिकाणी घेतलेला आहे. हे यंत्राला जमणार नाही असं मी म्हणणार नाही. पण कुठला पंख किती सैल सोडायचा, याचा अंदाज मला तरी हाताचाच वाटला. फोटोंत हे कपडे भरगच्च, काहीसे जड दिसतात. समोरून पाहिले तेव्हा त्यांचा हलकेपणाच जास्त जाणवला. त्या आठवड्यात मला सर्वाधिक आनंद कशाने दिला असं विचारलं तर मी हेच सांगेन.

स्कियापरेली या घराण्याच्या शोला आत जायचा प्रश्नच नव्हता. पेती पालेच्या बाहेर गर्दीत उभी राहिले. 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली ही इमारत, तिच्यासमोर छायाचित्रकारांची झुंबड, आणि गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या नावाने ओरडा. अभिनेत्री झेंडाया आली तेव्हा तर काहीच ऐकू येईना. आतलं मग फोनवर पाहिलं. घराण्याचे डिझायनर डॅनियल रोझबेरी यांनी एका मॉडेलच्या कडेवर रोबो बाळ दिलं होतं. जुने मोबाइल, सर्किट बोर्ड, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, मणी आणि खडे एकत्र करून घडवलेलं. सगळीकडे त्याचेच फोटो फिरले. मला त्यामागचा धागा आवडला. या घराण्याच्या संस्थापक एल्सा स्कियापरेली यांचे काका जोव्हानी स्कियापरेली खगोलशास्त्रज्ञ होते. मंगळावरच्या रेषांचे त्यांचे नकाशे प्रसिद्ध आहेत. परग्रहाची कल्पना म्हणजे तिथे घरचीच गोष्ट. शिवाय जी यंत्रं आपण कालपरवा टाकून दिली, ती खड्यांच्या बरोबरीने शिवायची, हा विचार धीट आहे.

बाकीचे शो मी स्क्रीनवरच पाहिले, त्यामुळे त्यांवर फार बोलत नाही. शनेलने छतातून एक प्रचंड बटण लटकवलं होतं, खाली तलम जाळीचे नृत्याचे पोशाख. देखणं होतं, पण मनात राहिलं ते बटणच. व्हिक्टर अँड रॉल्फ या डिझायनर जोडीने एकेक पोशाख आधी अखंड दाखवला, मग पुढच्या प्रत्येक फेरीत तो कात्रीने अधिकाधिक कापत नेला. पोशाखाच्या पोटात काय असतं, किती थर, किती आधार, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला मार्ग नाही. जाँ पॉल गोतिए 2020 मध्ये रॅम्पवरून निवृत्त झाले, त्यानंतर 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्यांच्या घराण्यात दर मोसमात वेगळा डिझायनर बोलावत असत. या वेळी आयर्लंडच्या सिमोन रोशा होत्या. गोतिएंची टोकदार चोळी जगभर माहीत आहे. रोशांनी त्या टोकांना गुलाबाच्या काट्यांचा आकार दिला. नाजूकपणा आणि बोचरेपणा एकाच शिवणीत बसवणं सोपं नाही.

आणि मग गुरुवार, 25 जानेवारी. पौर्णिमा होती. अलेक्झांडर तिसरा पुलाखाली मेझाँ मार्जिएला या घराण्याचा शो झाला. तिथले तेव्हाचे डिझायनर जॉन गालियानो यांनी पुलाखालची जागा जुन्यापुराण्या बारसारखी केली होती. प्रेरणा होती ब्रासाई या छायाचित्रकाराने 1930 च्या दशकात टिपलेल्या रात्रीच्या पॅरिसची. मी तो शो खोलीवर, फोनवर पाहिला. लिऑन डेम हा मॉडेल उघड्या छातीने, कंबर आवळलेल्या कॉर्सेटमध्ये लडखडत आला तिथपासून शेवटी अभिनेत्री ग्वेंडोलिन क्रिस्टीपर्यंत मी जागची हलले नाही. चेहरे चिनी मातीच्या बाहुल्यांसारखे चकचकीत, मेकअप कलाकार पॅट मॅग्राथ यांनी रंगवलेले. कुणी अंग चोरून चालतंय, कुणी मागे वळून पाहतंय, कुणाला थंडी वाजतेय. जाड लोकरीचा वाटणारा कोट नीट पाहिल्यावर तलम कापडाच्या थरांचा आणि छपाईचा निघतो. प्रत्येकीची आणि प्रत्येकाची चाल कपड्यानेच ठरवली आहे असं वाटत होतं.

आठवडाभर मी स्वतःला सांगत होते की कपडा जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. या शोने ते मत थोडं ढिलं केलं. चाल, प्रकाश आणि शिवण इतकी एकजीव असेल तर पडद्यावरूनही कपड्याचं वजन पोचतं. दुसऱ्या दिवशी मी त्या पुलावर गेले. वर सोनेरी पुतळे, खाली सीन नदी, शोची निशाणी काही दिसेना. माझ्यासारखेच आणखी काही जण कठड्यावरून वाकून खाली बघत होते, आणि अनोळखी असूनही आम्ही आदल्या रात्रीबद्दल बोलायला लागलो.

आज त्या मोसमाकडे पाहताना आणखी एक गोष्ट जाणवते. प्लास व्हाँदोम या चौकात डिझायनर पिएरपाओलो पिचोली यांनी व्हॅलेंटिनो या घराण्यासाठी रंगांची जी उधळण केली, ती तिथली त्यांची शेवटची कुत्यूर ठरली. मार्चमध्ये ते बाहेर पडले. जूनमध्ये मुख्य डिझायनर व्हर्जिनी व्हियार यांनी शनेल सोडलं, डिसेंबरमध्ये गालियानोंनी मार्जिएला, आणि 2025 मध्ये क्युरींनी दिऑर. त्याच आठवड्यात कलेक्शन मांडणारे जॉर्जिओ अर्मानी सप्टेंबर 2025 मध्ये 91 व्या वर्षी गेले. तेव्हा आम्हा कुणाला याची कल्पना नव्हती. आपण नेहमीसारखा एक मोसम बघतोय असंच वाटत होतं.

निमंत्रण नसलेल्यांनीही या आठवड्यात पॅरिसला जावं का, असं मला विचारतात. जरूर जावं, पण शोच्या दारांवर सगळी भिस्त ठेवू नये. मी गेले तेव्हा सजावटी कलांच्या संग्रहालयात डच डिझायनर इरिस व्हान हेर्पेन यांचं ‘स्कल्प्टिंग द सेन्सेस’ हे प्रदर्शन चालू होतं. शंभराहून अधिक पोशाख, सांगाड्यासारखे, प्रवाळासारखे, उसळत्या पाण्यासारखे. रॅम्पवर जे काही सेकंदांत निघून जातं, ते तिथे हवा तितका वेळ, चारही बाजूंनी पाहता येत होतं. मी एकाच पोशाखाला इतक्या फेऱ्या मारल्या की पहारेकरी हसायला लागला. तेव्हा तारखा ठरवताना आधी संग्रहालयांत काय लागलंय ते बघा, रोदँच्या बागेतला मंडप कधी उघडतो ते बघा, आणि शोच्या दाराबाहेर उभं राहायला एखादी सकाळ मोकळी ठेवा.