पासपोर्ट खिशात ठेवून नाटकाला

नाटकाला येताना पासपोर्ट जवळ ठेवा, असे प्रेक्षकांना सांगावे लागणारी एक नाटकमंडळी इथे लंडनमध्ये आश्रयाला आहे, आणि तिच्यावरून इंग्रज मित्रांशी झालेला वाद अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

बेलारूस फ्री थिएटर ही संस्था नतालिया कल्यादा आणि निकोलाय खालेझिन या दांपत्याने २००५ साली बेलारूसच्या राजधानीत, मिन्स्कमध्ये सुरू केली. अध्यक्ष लुकाशेन्को यांच्या राजवटीत तिला अधिकृत मान्यता नव्हती, त्यामुळे नाट्यगृह मिळण्याचा प्रश्नच नव्हता. प्रेक्षकाने फोनवर नाव नोंदवायचे, ठरलेल्या कोपऱ्यावर थांबायचे, मग कोणीतरी येऊन सगळ्यांना एखाद्या खाजगी घरात घेऊन जायचे. धाड पडलीच तर ओळख पटवण्यात रात्र जाऊ नये म्हणून पासपोर्ट खिशात. ऑगस्ट २००७ मध्ये एडवर्ड बाँड या इंग्रज नाटककाराच्या नाटकाचा प्रयोग चालू असताना पोलीस खरोखरच शिरले आणि नटांबरोबर प्रेक्षकांनाही उचलून घेऊन गेले. नाटके बंद पाडणारे आपण पुष्कळ पाहिले आहेत, पण नुसते बघायला आलेल्याला गाडीत घालणारे विरळाच. डिसेंबर २०१० च्या निवडणुकीनंतर धरपकड वाढली, तेव्हा संस्थापक लंडनला आले आणि मिन्स्कमधल्या नटांच्या तालमी स्काइपवरून घेऊ लागले. पुढे नटांनाही देश सोडावा लागला.

मित्र हळहळले, ते ठीक. पण ‘तुमच्याकडेही असेच असणार’ असे एकाने म्हटल्यावर मला राहवले नाही. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी घातली कोणी, असे मी विचारले. कीचकात कर्झन दिसला म्हणून बिथरलेले सरकार त्यांचेच होते, आणि खुद्द लंडनमध्येही लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून संहिता मंजूर करून घेण्याची सक्ती १९६८ पर्यंत होती.

त्यावर त्याने शांतपणे आजची स्थिती विचारली. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचे, प्रमाणपत्र अजूनही लागते, हे सांगताना माझा आवाज जरा उतरला, हे खरे. तरी ‘सखाराम बाइंडर’चा दाखला मी दिलाच: १९७२ साली अडवलेल्या त्या नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मिन्स्कमधल्या मंडळींनी दाद कोणाकडे मागायची? नाटक करण्यासाठी आधी खटला जिंकावा लागत असेल तर फरक केवळ प्रमाणाचा, असे मित्राचे म्हणणे आहे; मला ते मुळीच मान्य नाही.